गाडीला झालर

दादाच्या व्हॅनचं सरकतं दार अर्ध्यावर अडतं. तिथं खांद्यानं एक धक्का द्यावा लागतो. धक्का दिला की दाराच्या आधी वास बाहेर येतो. कोऱ्या जाळीच्या खळीचा, रॉकेलचा आणि कधीकाळी जाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. या गाडीतून शेवटची मच्छरदाणी बाजाराला गेली त्याला इतकी वर्षं झाली आहेत, की वासानं एव्हाना आपणहून निघून जायला हवं होतं. पण वासांना तेवढी समज नसते. मी दार ओढलं, वास आला, आणि ज्या कामासाठी पुण्याहून आलो होतो ते काम करण्याचा माझा निम्मा जोर तिथंच संपला.

काम तसं साधं होतं. दादाकडून या गाडीची किल्ली काढून घ्यायची आणि त्याला रात्री वर, सातव्या मजल्यावर, मुलाच्या घरात पलंगावर झोपायला लावायचं. दादा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर शहागंजातलं घर विकून तो मंगेशकडे, म्हणजे आपल्या मुलाकडे, राहायला आला. येताना भांडीकुंडी वाटून टाकली आणि ही व्हॅन तेवढी आणली. काही दिवसांतच त्यानं नवीन रीत सुरू केली. रात्रीचं जेवण झालं की उशी काखेत मारायची, लिफ्टनं खाली यायचं आणि मागच्या भिंतीला लावलेल्या या गाडीत झोपायचं. मंगेशनं समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, सुनेनं आवडीची भाजी करून पाहिली. दादा भाजी खाऊन खाली आला. शेवटी मंगेशनं भंगारवाल्याला सांगून टाकलं. तो उद्या सकाळी येणार होता, आणि किल्ली अजून दादाच्या कमरेला होती.

"काका, तुम्हीच या," मंगेश फोनवर म्हणाला होता. "बाबा तुमचं ऐकतात."

ही अफवा आमच्या घरात पूर्वीपासून आहे.

त्या इमारतींच्या नावात 'रॉयल' हा शब्द आहे. फाटकाशी सिमेंटचे दोन सिंह आहेत. एकाच्या तोंडातून पाणी पडावं अशी योजना होती. आता त्याच्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्यात, त्यामुळे तो सिंह कमी आणि दाढदुखीचा पेशंट जास्त दिसतो. सोसायटीचे सेक्रेटरी मला लिफ्टपाशीच भेटले. "आमचं काही म्हणणं नाही हो," ते म्हणाले. अशी सुरुवात करणाऱ्या माणसाचं म्हणणं बरंच असतं. "पण लोकांकडे पाहुणे येतात. त्यांना पार्किंगमध्ये वडीलधारे झोपलेले दिसतात. शेवटी इमेजचा प्रश्न आहे." इमेज हा शब्द ते दोन्ही हातांनी धरून, देवघरातल्या मूर्तीसारखा जपून खाली ठेवतात.

मी मागं गेलो तेव्हा दादा गाडीतच होता. खिडकीवरची जुनी जाळी तो उसवत होता. जाळी हात लावताच तुकडे पडावेत इतकी कुजलेली.

"आलास? चपला बाहेर काढ."

"दादा, मंगेश म्हणत होता..."

"त्याचं मला पाठ हाय. तू तुझं काही असंल तर नंतर सांग. आधी शहागंजात चल. जाळी आणायची. दोन रात्री डासांनी फोडून काढलंय."

"उद्या गाडी भंगारात जायलीय. आज जाळी लावून काय करणार?"

"आजची रात्र हाय ना मधी." तो खाली उतरला. गुडघ्यावर हात ठेवून, मग कमरेवर, मग गाडीच्या पत्र्यावर, असा टप्प्याटप्प्यानं. "आन तू बी इथंच झोपायलास. पुण्याचं रक्त आज. डासांच्या घरी सण असतोय."

मी इथंच झोपणार आहे हे मला तेव्हा समजलं.

रिक्षा क्रांती चौकात अडकली. दुकानांच्या पाट्यांवर शहराचं एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडात दुसरं, आणि दादा दोन्हींच्या भानगडीत न पडता फक्त 'गाव' म्हणतो. "गाव लई वाढलं," एवढंच तो त्या गर्दीकडे बघून म्हणाला. यात कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती. अंगावर सूज आली की माणूस जशी ती दाबून बघतो तसा तो बघत होता.

शहागंजात आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कशातही काही शिरू नये म्हणून विकायच्या वस्तू त्या जागेच्या नशिबातच असाव्यात. शेजारी चाँदभाई मात्र अजून आहेत. त्यांचे वडील आमच्या वडिलांना, अण्णांना, दोरा विकायचे. जाळीचे तागे त्यांच्याकडे मागच्या फळीवर, धुळीत.

"क्या दादा, फिर से धंदा?"

"नाय रे बाबा. माझ्यापुरती."

"आजकल कौन लेता? सबके घर में वो लाल बत्तीवाली मशीन है. मच्छर को नींद आती उससे, आदमी को नहीं."

दादा हसला नाही. त्यानं तागा उलगडला, दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "चाँद, मोहरी हाय का घरात?"

चाँदभाईंनी काही न विचारता आतून वाटी आणवली. त्यांना ठाऊक होतं.

अण्णांची ती पद्धत होती. जाळी चांगली की वाईट हे ते बोटांनी ठरवत नसत. जाळी ताणून तिच्यावर मूठभर मोहरी टाकायची. मोहरी खाली पडली तर डास आत येणार. मोहरी अडली तर जाळी विकायची. नियम एवढाच. पण आठवडी बाजारात हे उघड्यावर चालायचं, आणि मोहरी ओवाळून बायका लेकरांची दृष्ट काढतात. हळूहळू बाजारात असं झालं, की अण्णा मच्छरदाणीची दृष्ट काढून देतात म्हणून ती लेकराला लागू पडते. मग मोहरी टाकल्याशिवाय कुणी मच्छरदाणी घेईना. "आमची बी उतरून द्या," म्हणायचे. अण्णा कोणत्याच देवाला फारसे ओळखत नव्हते, पण गिऱ्हाइकाला ओळखत होते. ते गंभीर चेहऱ्यानं मोहरी टाकायचे आणि ती गोळा करायचं काम माझं. माझं बालपण बरंचसं जमिनीवरची मोहरी वेचण्यात गेलं आहे. पुढे मी पुस्तकांत रमलो त्याचं एक कारण हेही असेल, की पुस्तकं पडली तरी घरंगळत नाहीत.

आम्ही शिंपी. मच्छरदाण्या घरी शिवल्या जायच्या. आई, जिला आम्ही बाई म्हणायचो, मशीनवर, आणि झालरीचं काम दादाकडे. विकायच्या मात्र बाजारोबाजारी. लासूर, वैजापूर, कन्नड, पैठण, खुलताबादचा उरूस. सुरुवातीला एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून जायचो. मग अण्णांनी ही व्हॅन घेतली, छावणीतल्या एका बेकरीवाल्याकडून, वापरलेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, दादा पंचविशीचा. गाडीत बसलं की पावाचा, खारीचा वास यायचा, आणि भूक नसताना लागायची. वास आम्हाला आवडायचा. मुंग्यांनाही आवडायचा.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गावात पोचायचो आणि गाडीतच झोपायचो. पहिल्याच मुक्कामाला मुंग्या चारी चाकांवरून वर चढल्या. मच्छरदाण्या विकणारी तीन माणसं रात्रभर अंग खाजवत बसली. आमच्याकडे उडणाऱ्या शत्रूचा बंदोबस्त होता, चालत येणाऱ्याचा नव्हता. दुसऱ्या खेपेपासून बाई चुलीतली राख पिशवीत भरून द्यायची. गाडी लावली की अण्णा चारी चाकांभोवती राखेचं एकेक कडं काढायचे. वैजापूरला एका म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि गावात जाऊन सांगितलं, की शहागंजचे शिंपी करणी करून गाडी लावतात. त्या बाजारात विक्री चांगली झाली.

मग बाकीचं कर्मकांड. गाडीची दारं सताड उघडायची. कडुनिंबाचा ओला पाला तव्यावर ठेवून तवा गाडीत ठेवायचा. धूर डोळ्यांत भरेपर्यंत बाहेर उभं राहायचं. मग तवा काढायचा आणि दादा ओला पंचा घेऊन आत शिरायचा, कोपऱ्याकोपऱ्यांतून फटके मारत, शिव्या घालत. आत असलेला काढल्याशिवाय बाहेरच्याला अडवण्यात अर्थ नसतो, हे मी पुढे अनेक संस्थांमध्ये सांगून पाहिलं. तिथं कुणी पंचा ओला करायला तयार नव्हतं. शेवटी खिडक्यांच्या काचा खाली करून पुढच्या दोन दारांना जाळीचे अभ्रे चढवायचे. ते बाईचं डोकं. उशीला अभ्रा घालतो तसा दारालाच वरून घालायचा, खाली नाडी ओढायची, आणि दार लावून घ्यायचं. वारा यायचा, डास यायचा नाही. सरकत्या दाराला पडदा, खाली वाळूची भरलेली नळी, म्हणजे फट राहत नाही.

आणि मग आत, खळीच्या त्या खरखरीत वासात, कोऱ्या मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्यांवर आम्ही आडवे व्हायचो. मधे अण्णा, त्यांच्या दोन बाजूंना आम्ही. उन्हाळ्यात बाहेर चिलटांचा ढग. पाऊस लागला की पंखांच्या मुंग्या, सकाळी टपावर नुसते पंख. दिवाळीच्या सुमाराला ज्वारीच्या रानातून उठलेले हिरवे तुडतुडे जाळीवर येऊन बसायचे, इतके, की जाळी पोपटी दिसायची. त्यांचे पाय जाळीवर वाजत नाहीत, तरी मला तो आवाज आठवतो. खुलताबादला उरसात ऊद आणि गुलाबाचा वास जाळीतून आत यायचा, लांबून ढोलक, आणि अण्णा झोपेत त्या ठेक्यावर घोरायचे असं दादा म्हणायचा.

पण आमच्या धंद्याची खरी जाहिरात सकाळी उभी राहायची. बाजाराच्या ऐन मध्यावर चार बांबू रोवायचे, खाट टाकायची, मच्छरदाणी बांधायची आणि तिच्यात दादा झोपायचा. हेच त्याचं काम. पांढरा शर्ट घालून, उशीवर हात ठेवून, भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगापासून चार हातांवर झोपणं. बाहेर माश्यांचं मोहोळ, बकऱ्या, कर्णा, भांडणं. अण्णा ओरडायचे, "या, बघा! सगळा बाजार जागा, आन हा माणूस झोपलाय! डास नाय, माशी नाय, चिंता नाय!" आणि दादा खरोखर झोपायचा. ओठ किंचित उघडे, छाती सावकाश वरखाली. लोक कोंडाळं करून बघायचे. माणसाला दुसऱ्याच्या झोपेचा केवढा हेवा वाटतो, हे मी तिथं शिकलो. लासूरला एक आजी जाळीला नाक लावून बराच वेळ बघत होती. "ह्यो मेलाय का जित्ता हाय?" तिनं अण्णांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जाळी उचलून दादाच्या नाकाशी बोटं धरली. "जित्ता हाय," तिनं बाजाराला जाहीर केलं. "दे मला एक."

कन्नडला एका बाईचं लेकरू रडून रडून निळं पडायला आलं होतं. तिनं काही विचारलं नाही. जाळी वर केली, लेकरू दादाच्या कुशीत ढकललं, जाळी खाली सोडली. लेकरू दोन हुंदके देऊन गप्प झालं. ती तिथंच मातीत बसली आणि बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला. अण्णांनी त्या दिवशी ओरडणं बंद केलं. त्या खाटेभोवती, सबंध बाजारात तेवढ्याच जागेत, लोक हळू बोलत होते.

त्या माणसाला आता झोपायला पार्किंगमध्ये यावं लागत होतं. चाँदभाईंच्या दुकानात, मोहरीची वाटी हातात धरून उभ्या असलेल्या दादाकडे बघताना माझ्या मनात सगळं जुळत गेलं. शहागंज गेलं, खाट गेली, वहिनी गेल्या. झोप मात्र याच गाडीत राहून गेली आहे, त्या वासासारखी, आणि रोज रात्री तो तिला शोधायला खाली येतो. मला हा विचार आवडला. इतका आवडला, की रिक्षात बसेपर्यंत मी मंगेशशी काय बोलायचं ते वाक्यासकट ठरवून टाकलं होतं. भंगारवाल्याला परत पाठवायचं. माणसाची झोप कुणी किलोवर विकत नाही.

दुपारभर दादा गाडीच्या दारात बसून शिवत होता. सुई हातानंच चालत होती, चष्मा कपाळावर. अभ्रे झाले, सरकत्या दाराचा पडदा झाला. मग उरलेल्या जाळीला चुण्या पाडून त्यानं पडद्याला खाली झालर लावायला घेतली.

"झालर कशाला?"

दादा थांबला. हातातल्या चुण्यांकडे त्यानं असं बघितलं, की जणू त्या दुसऱ्याच कुणी पाडल्या होत्या. "अर्र," तो म्हणाला. "हात गेला सवयीनं." आणि मग, "असू दे. आता उसवत नाय बसत."

संध्याकाळी वॉचमन फेरी मारताना थबकला. खिडक्यांना पांढरी जाळी, दाराला झालर, आत दोन म्हातारे.

"अरे वा! दूल्हा कौन है इसमें?"

"ह्यो," दादानं माझ्याकडे बोट केलं. "पुण्याचं स्थळ हाय. बघ कुणी असंल तर."

मंगेश ऑफिसातून आला तो थेट मागं आला. झालर बघून त्याचा चेहरा बारीक झाला. माझ्याकडे त्यानं एकदाच बघितलं. किल्ली काढायला पाठवलेला माणूस गाडी सजवून बसला होता. "जेवायला वर या," एवढं बोलून तो गेला. डोळ्यांखाली काळं, शर्ट पाठीला चिकटलेला. चाळिशीतच तो अण्णांएवढा थकलेला दिसायला लागला आहे, असं मला वाटून गेलं.

जेवून आम्ही खाली आलो. राख नव्हती, कडुनिंब होता पण सोसायटीत धूर करायला बंदी. दादानं ओला टॉवेल मात्र फिरवला. जाळी खाली सोडली. मी आडवा झालो, त्या वासात तोंड खुपसलं, आणि सकाळी मंगेशपुढं करायच्या भाषणाला शेवटचा हात फिरवता फिरवता मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. लांबून अजान येत होती. दादा पुढच्या सीटला पाठ टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. पडून उठलेल्या माणसाचे केस विस्कटतात. त्याचे व्यवस्थित होते. उशीवर घडी तशीच.

"तू झोपला नाहीस?"

"तू झोपलास की. लई घोरतो बाबा."

"पण दादा, तू इथं झोपायलाच येतोस ना?"

"कुणी सांगितलं?" तो जाळीतून बाहेर बघत म्हणाला. "मी कुठंच झोपत नाय. ती गेल्यापासून नाय. शहागंजात नाय, वर नाय, इथं बी नाय. पहाटं दोन घटका डोळा लागला तर लागला."

"मग गाडी कशाला?"

"मंगेशपायी." त्यानं पाय सरळ केले. "वर काय व्हायचं, सांगतो. मी उठलो की फरशी वाजती. नळ सोडला की वाजतो. खोकला तर वाजतोच. आवाज आला की तो उठून येतो, दार ढकलतो. मी डोळे मिटून सोंग घेतो. तर हा जवळ येऊन नाकाशी हात धरतो. बाप जित्ता हाय का बघतो. रात्रीतून तीन-तीनदा. आता सांग, लेकरानं दिवसभर कंपनीत मरायचं आन रात्री बापाचा श्वास मोजायचा? म्हणलं आपण खालीच जावं. गाडी होती म्हणून गाडीत आलो. रिक्षा असती तर रिक्षात बसलो असतो."

"त्याला सांगायचंस तसं."

"काय सांगू? तुझ्या घरात मला झोप येत नाय? लगेच त्याला वाटंल, सुनेनं काही केलं. डॉक्टर आणंल. गोळ्या आणंल. त्यापेक्षा गाडीची माया हाय म्हणलं की सगळे गप बसतात. म्हाताऱ्याला एखादं येड असलं तर चालतं."

माझं भाषण तिथंच संपलं. मी मायेवर विश्वास ठेवला होता, ती त्यानं सगळ्यांना बाहेर ठेवायला खोचलेली जाळी होती. माझ्यासारखा माणूस, जो फाटकावरच्या सिंहांना हसतो, तो एका वासाला इतका सहज फसला याची मला गंमत वाटायला हवी होती. वाटली नाही.

"मग किल्ली का धरून बसलास?"

"गाडी गेली की रात्र कुठं काढू?" तो म्हणाला. "तेवढं सांग. किल्ली आत्ता देतो."

आणि तेवढ्यात पडद्याबाहेर चपलांचा आवाज आला. मंगेश होता. भंगारवाले फाटकाशी आलेत असं तो सांगायला आला होता. कपडे कालचेच होते.

"याला झोप येत नाही, मंगेश," मी म्हणालो. "इथंही नाही. तुझी झोपमोड होऊ नये म्हणून खाली येऊन बसतो."

"तुला कुणी इचारलं रे?" दादा कडाडला. इतका, की भिंतीवरचं मांजर पळालं.

मंगेशनं पडदा बाजूला केला आणि गाडीच्या पायरीवर बसला. काही वेळ तो ती झालर बोटांत धरून बघत राहिला.

"मी वरून बघत असतो, बाबा," तो म्हणाला. "किचनच्या खिडकीतून गाडी दिसते."

"काय बघतो?"

"गाडीत लाइट लागतो का. लागला असता तर कळलं असतं, तुम्ही जागे आहात, बरे आहात."

"लाइट कसा लावीन? किडे येतात ना आत."

"हो. लागायचा नाही. मग मी तिथंच बसून राहायचो."

"किती वेळ?"

मंगेशनं डोळे चोळले. दादानं त्याच्याकडे नीट वळून बघितलं. डोळ्यांखालचं काळं त्याला बहुतेक आत्ता दिसलं.

"म्हणजे तू बी झोपत नाय."

"नाही."

"येड्या," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात ओरडायचं बळ राहिलं नव्हतं. मग त्यानं कमरेची किल्ली सोडवली आणि मुलाच्या हातात न देता पायरीवर, त्याच्या शेजारी ठेवली.

"गाडी राहू दे बाबा. मी त्यांना परत पाठवतो."

"नको. लोखंड ते. जाऊ दे." आणि उतरता उतरता, "पण मी वर जागाच राहणार. सोंग घेणार नाय."

"नका घेऊ. लाइट लावून बसा."

भंगारवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "जाळी काढून घेता का, काका? नवी दिसायलीय." दादानं हातानंच नको म्हटलं. टेम्पोला दोरखंड बांधून त्यांनी गाडी ओढली. चाकं बऱ्याच दिवसांनी फिरल्यामुळे कुरकुरली. सेक्रेटरी बाल्कनीत उभे होते. त्यांच्या इमेजवरून एक डाग पुसला जात होता. दोन सिंहांच्या मधून आमची गाडी गेली, खिडक्यांची जाळी फुगलेली, दाराची झालर हलत. मी भरून येण्याची तयारी ठेवली होती. दादा म्हणाला, "उजव्या चाकात हवा कमी हाय. त्याला सांगायला पायजे होतं," आणि लिफ्टकडे चालू लागला.

मी आणखी एक दिवस राहिलो. जेवणं झाल्यावर सून आतल्या खोलीत गेली, मी हॉलमध्ये गादी टाकली. दादा गॅलरीत खुर्ची घेऊन बसला. त्यानं तिथला लाइट लावला. थोड्या वेळानं मंगेश दुसरी खुर्ची घेऊन गेला. दोघं बोलत होते, म्हणजे बोलण्यासारखं काही नव्हतं.

"ह्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

"कंडेन्सर आहे, बाबा."

"बेअरिंग. आवाज ऐक ना."

"बरं. बेअरिंग."

बिल्डरनं सातव्या मजल्यावर किडे येत नाहीत असं सांगितलं होतं म्हणे. ते आले. आधी एक पाकोळी, मग चिलटं, मग रानातून कुठून तरी उठलेले हिरवे तुडतुडे, लाइटभोवती गोल. मी गादीवरून बघत होतो. वाटलं, आता दादा उठेल आणि बटण दाबेल; साठ वर्षांची सवय आहे. तो उठला नाही. मंगेशचं बोलणं तुटक झालं, मग एका वाक्याच्या मधेच थांबलं. मान खुर्चीच्या पाठीवर गेली, ओठ किंचित उघडले. त्याच्या कपाळावर एक तुडतुडा बसला. दादानं खुर्ची आवाज न करता जवळ ओढली, मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी केली आणि मुलाच्या तोंडावर सावकाश वारा घालत बसला. लाइट त्यानं घालवला नाही.